भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज : या चुका टाळा

अर्धा एकर कपाशी आणि पाव एकर तूर मिळून किती क्षेत्र झाले, असे अमळनेर-चोपड्याकडच्या शेतकरी घरातील मुलाला विचारले, तर तो लगेच ‘पाऊण एकर’ असे सांगतो. मात्र तेच गणित वहीत १/२ + १/४ असे मांडले की पुष्कळदा उत्तर २/६ येते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवण्याची ही चूक सर्वांत जास्त आढळते.

एका एकराचे ४० गुंठे. अर्ध्याचे २० आणि पावाचे १० मिळून ३० गुंठे व्हायला हवेत, पण २/६ एकर म्हणजे साडेतेरा गुंठेही भरत नाहीत. कपाशीच्या २० गुंठ्यांत तुरीचे क्षेत्र मिळवल्यावर एकूण क्षेत्र घटले, असे होणे शक्यच नाही. म्हणून उत्तर दोन्ही अपूर्णांकांपेक्षा मोठे आले आहे ना, हे आधी पाहावे.

ही चूक निष्काळजीपणामुळेच होते असे मानणे मुलांवर अन्याय करणारे आहे. गुणाकारात अंशाला अंशाने आणि छेदाला छेदाने गुणतात, तीच रीत बेरजेत शिरते. शिवाय एका चाचणीत १० पैकी ७ आणि दुसरीत २० पैकी १५ गुण मिळाले, तर एकूण ३० पैकी २२ असे आपण योग्यच म्हणतो. तेथे मात्र आपण एकूण गुणांचा हिशेब करतो, अपूर्णांकांची बेरीज नव्हे. ७/१० + १५/२० ही बेरीज २९/२० येते, म्हणजे १ पेक्षाही जास्त. हा फरक वर्गात उघडपणे सांगितला पाहिजे.

दुसरी चूक समच्छेद करताना होते. १/४ + २/५ मध्ये छेद २० केला जातो, पण अंश तसेच राहतात आणि ३/२० उत्तर येते. छेदाला ज्या संख्येने गुणले, त्याच संख्येने अंशालाही गुणले तरच अपूर्णांकाची किंमत कायम राहते : ५/२० + ८/२० = १३/२०. गुंठ्यांत पडताळा घ्यावा : १० आणि १६ मिळून २६ गुंठे, आणि १३/२० एकर म्हणजेही २६ गुंठेच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असले, तरी घरातल्या बोलण्यातले एकर-गुंठे या पडताळ्याला फार सोयीचे पडतात.

छेदांचा थेट गुणाकार घेणे चूक नाही, पण त्यामुळे संख्या विनाकारण वाढतात. ५/१२ + ७/१८ साठी २१६ हा छेद घेतल्यास १७४/२१६ येते आणि पुन्हा संक्षेप करावा लागतो; लसावि ३६ घेतल्यास १५/३६ + १४/३६ = २९/३६ असे उत्तर सरळ मिळते. काही मुले येथे लसाविऐवजी मसावि ६ काढतात. पण ६ ला १२ नेही भाग जात नाही आणि १८ नेही, त्यामुळे तो सामाईक छेद होऊ शकत नाही.

३/४ + २/३ मधील दोन ३ तिरपे छाटणे ही आणखी एक चूक. असा संक्षेप फक्त गुणाकारात चालतो.

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत शेवटची पायरी राहून जाते. २ पूर्णांक ३/४ आणि १ पूर्णांक २/३ यांच्या बेरजेत पूर्णांक ३ होतात आणि अपूर्णांकांची बेरीज १७/१२ येते. ‘३ पूर्णांक १७/१२’ असे लिहून थांबू नये, कारण १७/१२ मध्ये आणखी एक पूर्ण दडलेला आहे आणि उत्तर ४ पूर्णांक ५/१२ असे लिहायला हवे.