दुकानात जुळला, उन्हात फुटला: शेड मॅचिंगला नव्याने लागणाऱ्यांसाठी

साडीला फॉल घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली बाई रीळ आणि साडीचा पदर घेऊन थेट दुकानाच्या दारात येते. साडी रेशमी, फॉल सुती, दोन्हींना लागलेले डाय वेगळे. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फुटू शकतो, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, लॅबमध्ये नवा आलेला मुलगा मात्र, इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजातून शिकून आलेला असो वा थेट कुणाच्या हाताखाली लागलेला, सुरुवातीला एकाच दिव्याखाली रेसिपी, म्हणजे कोणता डाय किती याचं गणित, बसवत राहतो.

कापड 400 ते 700 नॅनोमीटरमधला कोणता प्रकाश किती परत पाठवतं, त्याचा आलेख स्पेक्ट्रोफोटोमीटर काढून देतो. दोन कापडांचे आलेख वेगळे असले तरी एखाद्या दिव्याखाली ती डोळ्याला सारखी दिसू शकतात. दिवा बदलला की फरक उघडा पडतो. हे मेटामेरिझम, आणि त्याला दोन कापडं लागतात. एकच कापड दिव्यागणिक रंग बदलत असेल तर ती वेगळी तक्रार. ऑर्डर देणारी पार्टी फोनवर दोन्हींना एकच नाव देते, म्हणून आधी ‘कशाशी ताडून पाहिलं?’ एवढं विचारून घ्यावं.

लाईट बॉक्स म्हणजे नमुने वेगवेगळ्या दिव्यांखाली पाहायची पेटी. तिच्यातले दिवे पाठच करा. डी65 म्हणजे 6500 केल्विनचा दिवसाचा उजेड, ए म्हणजे 2856 केल्विनचा जुन्या पिवळ्या बल्बचा, टीएल84 म्हणजे 4000 केल्विनच्या आसपासचा, युरोपातल्या दुकानांशी जोडलेला ट्यूबचा उजेड. अमेरिकी ऑर्डरला बहुधा सीडब्ल्यूएफ, म्हणजे कूल व्हाइट फ्लुओरेसंट ट्यूब, मागतात. यातला टीएल84 खोडकर. त्याचा प्रकाश सलग पसरलेला नसून निळ्या, हिरव्या आणि लाल भागात उंच सुळक्यांसारखा साठलेला असतो. दोन आलेख नेमके त्या सुळक्यांखाली वेगळे असले, तर डी65 मध्ये न दिसलेला फरक तिथे लगेच डोळ्यात भरतो.

सगळ्यात जास्त छळतात खाकी, ऑलिव्ह, करडा, बेज. लाल, पिवळा, निळा असे तिन्ही डाय थोडे थोडे पडतात, त्यामुळे एकच शेड अनेक रेसिपींनी बसते आणि प्रत्येक रेसिपीचा आलेख निराळा. समजा, सुती खाकीत निळ्यासाठी रिॲक्टिव्ह ब्लू 19 घेतला. डी65 मध्ये शेड चोख, ए दिव्याखाली लालसर. नवशिक्या लाल कमी करतो. ए मध्ये जुळतं, पण डी65 मध्ये हिरवट होतं. मग पुन्हा लाल वाढवायचा. या फेऱ्यात कामाची अख्खी पाळी जाते. हा निळा लांब तरंगलांबीचा लाल प्रकाश बराच परत फेकतो आणि पिवळ्या बल्बमध्ये लाल भरपूर असतो. प्रमाण कितीही हलवा, स्वभाव जात नाही. डायच बदला: रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 च्या जातीचा नेव्ही (गडद निळा) डाय घेऊन रेसिपी नव्याने काढा. पार्टीच्या मूळ नमुन्याचे डाय कळले तर उत्तमच, तेच वापरावेत.

डाय बदलण्याआधी मोजमाप तपासा, कारण निम्मा गोंधळ पिपेटचा असतो. नमुना 5 ग्रॅम आणि डाय कापडाच्या वजनाच्या 0.08 टक्के, म्हणजे 0.004 ग्रॅम. 1 टक्क्याच्या द्रावणातून हे 0.4 मिली होतं, तिथे एक थेंब चुकला तरी टोन हलतो. 0.1 टक्क्याचं द्रावण केलं की 4 मिली, हात स्थिर राहतो. रिॲक्टिव्ह डायचं कालचं द्रावण आज वापरू नये.

बघण्याचीही शिस्त आहे. ट्यूब दहा मिनिटं तापू द्या. लॅबचे बाकी दिवे बंद, बॉक्समध्ये फक्त दोन नमुने. तिथे ठेवलेला चहाचा कपसुद्धा रंग फेकतो. भडक शर्टावर करडा किंवा पांढरा कोट घाला. इस्त्रीतून काढलेला नमुना लगेच पाहू नका: गरम सुती कापडाचा टोन वेगळा दिसतो, ओलं गडद दिसतं. गार होऊन हवेतला ओलावा धरू द्या. घड्या सारख्या, ताण्याची दिशा एक, कडेला कड चिकटवून, साधारण 45 अंशात. मग डावं उजवीकडे करून पुन्हा. पहिल्या काही सेकंदांत जे दिसलं तेच धरा. टक लावली की डोळा जुळवून घेतो.

मशीनच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. रंगातला फरक आकड्यात मांडणाऱ्या सीएमसी 2:1 या सूत्रात फरक 1.0 च्या आत आला म्हणून नाचण्याआधी तो कुठल्या दिव्याचा आहे ते वाचा. डी65 ला 0.6 आणि ए ला 2.3 असेल तर लॅब डिप, म्हणजे मंजुरीसाठी लॅबमध्ये रंगवलेला नमुना, पाठवायची नाही.

फिकट रंगांत आणखी एक खोड: पार्टीच्या नमुन्यात ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कापड जास्त पांढरं, उजळ दाखवणारं रसायन. यूव्ही दिवा लावताच तो निळसर चमकतो आणि तुमचं कापड काळं पडून राहतं. मग ब्राइटनर घातल्याशिवाय जुळणार नाही, हे पार्टीला आधीच सांगायचं.

आता तर बहुतेक दुकानांत एलईडी आलेत. त्यांच्या प्रकाशात यूव्ही जवळपास नसतो, म्हणून डी65 खाली झगझगणारं पांढरं तिथे मळकट दिसतं. ऑर्डर घेतानाच मुख्य दिवा कोणता, दुसरा कोणता, हे लेखी मागा. आणि एलईडी म्हणाले तर 3000 केल्विनचा की 4000 चा ते विचारून तसाच दिवा बॉक्समध्ये बसवून घ्या.