चाबूक काणीला प्रतिकारक ऊस वाणांची पैदास कशी करावी

चाबूक काणी हा उसाच्या शेंड्यातून चाबकासारखा काळा दांडा काढणारा बुरशीजन्य रोग आहे. त्याची बुरशी रोगट बेण्यातून तसेच वाऱ्यावर उडणाऱ्या काळ्या बीजाणूंतून पसरते आणि खोडव्यात (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या पिकात) नव्या लागवडीच्या पिकापेक्षा अधिक बळावते. बेण्यावर प्रक्रिया केली तरी शेजारच्या फडातून बीजाणू येतच राहतात. म्हणून वाणाचा अंगचा प्रतिकार हाच खरा भरवशाचा उपाय आहे.

पैदाशीत सर्वाधिक विचार जनकांच्या निवडीवर खर्च करावा. उसाच्या पेशीत १०० हून अधिक गुणसूत्रे असतात आणि काणीचा प्रतिकार बहुतांशी अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतो. तपकिरी तांबेरा या उसाच्या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाच्या बाबतीत ब्रू-१ हे एकच जनुक जसे मोठे काम करते, तशी सोय येथे नाही. त्यामुळे जनक स्वतः निरोगी दिसतो एवढ्यावर समाधान न मानता, त्याच्या आधीच्या संकरांतील संततीपैकी किती रोपे चाचणीत टिकली, याची नोंद पाहावी. दोन्ही जनक प्रतिकारक असल्यास टिकाऊ संततीचे प्रमाण सहसा वाढते. तथापि साखर उताऱ्यात सरस असलेला रोगग्राही (रोगाला सहज बळी पडणारा) जनक सरसकट वगळू नये, त्याला भक्कम प्रतिकारक जोडीदार द्यावा. सॅकॅरम स्पॉन्टेनियम या रानटी उसापासून प्रतिकार घ्यायचा असेल, तर जाडी आणि गोडी परत मिळवण्यासाठी संकरित संततीचा लागवडीच्या उसाशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागतो.

संकरासाठी चांगला तुरा आणि जिवंत पराग हवेत. म्हणूनच कोइमतूरची राष्ट्रीय संकर बाग आणि सिंधुदुर्गातील आंबोलीचे केंद्र ही ठिकाणे महत्त्वाची आहेत. आयोडीनने पराग तपासून भरपूर सुफल पराग देणारा वाण नर, तर अल्प पराग देणारा वाण मादी म्हणून घ्यावा. मिळालेले बी लवकर पेरावे किंवा कोरडे करून थंड जागी ठेवावे, कारण त्याची उगवणशक्ती झपाट्याने घटते.

या बियांच्या रोपांतून निवडलेल्या क्लोनची (एकाच रोपापासून टिपऱ्यांनी वाढवलेल्या उसाची) परीक्षा कठोर असली पाहिजे. ताजे बीजाणू उगवतात याची खात्री करून दर मिलिलिटरला सुमारे १० लाख बीजाणूंचे द्रावण तयार करावे आणि टिपऱ्या (डोळे असलेले उसाचे तुकडे) त्यात अर्धा तास बुडवून लावाव्यात. डोळ्याला सुईने टोचून रोग देण्याची रीतही आहे, परंतु डोळ्यावरील खवल्यांमुळे मिळणारे बाह्य संरक्षण तीत मोजलेच जात नाही आणि उपयुक्त क्लोन विनाकारण बाद होऊ शकतात. ओळींमध्ये को ७४० सारखा रोगग्राही वाण तुलनेसाठी अवश्य लावावा. त्यालाच चाबूक आले नाहीत, तर त्या चाचणीचा निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

चाबूक दिसू लागल्यापासून ठरावीक अंतराने रोगट बेटे (उसाचे झुबके) मोजून एकूण बेटांशी त्यांची टक्केवारी काढावी आणि खोडव्यातही तीच मोजणी करावी, कारण नव्या लागवडीत निर्दोष वाटणारे काही क्लोन तेथेच उघडे पडतात. नोंद झाल्यावर प्रत्येक चाबूक फुटण्यापूर्वी पिशवीने झाकून कापावा व जाळावा. चाचणीचे क्षेत्र बेणेमळ्यापासून दूर ठेवावे आणि तेथील ऊस कोणत्याही परिस्थितीत बेणे म्हणून बाहेर देऊ नये.