आयलाऊच्या लढाईवर लिहिताय? या चुका टाळा

बर्फ, फ्रेंच आणि रशियन एकत्र दिसले की लिहिणाऱ्याचा हात थेट 1812 कडे, नेपोलियनच्या रशियावरच्या स्वारीकडे वळतो. आयलाऊ त्याच्या पाच वर्षं आधीची: 7 आणि 8 फेब्रुवारी 1807, तीही पूर्व प्रशियात. रशियन पुस्तकात 26-27 जानेवारी दिसलं तर दुरुस्त करत बसू नका. तिथे जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालायची, ती बारा दिवस मागे.

नकाशात मी स्वतः फसलोय. आयलाऊ शोधत शोधत पोलंडमधल्या इवावाला पोहोचलो. ते डॉइच आयलाऊ. लढाईचं गाव प्रॉयसिश आयलाऊ, आजचं बाग्रातिओनोव्स्क, रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतातलं.

सगळ्यात चिवट चूक म्हणजे 'बर्फाने नेपोलियनला हरवलं'. मुळात तो तिथे हरला नाही. बर्फाने काय केलं ते नेमकं लिहा. 8 तारखेला सकाळी फ्रेंच मार्शल ओझरो तापाने फणफणलेला, तरी घोड्यावर. त्याची कोअर (म्हणजे हजारो सैनिकांचा मोठा सैन्यविभाग) पुढे निघाली आणि हिमवादळ थेट तोंडावर आलं. समोरचं दिसेना, रांगा डावीकडे भरकटल्या आणि रशियन तोफांच्या पुढ्यातच जाऊन उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात कोअर जवळपास संपली. पुढे ती मोडूनच टाकली. मधलं खिंडार बुजवायला फ्रेंच मार्शल म्युराचं घोडदळ सोडावं लागलं, सुमारे दहा हजार स्वार. ते रशियन फळी फोडून आरपार गेले आणि परतले.

'फ्रेंच विरुद्ध रशियन' एवढंच लिहिलंत तर रशियनांच्या बाजूने लढलेला प्रशियाचा सेनापती लेस्टॉक सुटतो. दुपारी तो आला नसता, तर फ्रेंच मार्शल दावूने रशियनांची डावी बगल मोडलीच होती.

विजय कोणाचा? रात्री रशियन सेनापती बेनिगसेन मागे हटला, मैदान नेपोलियनकडे राहिलं. पण रशियन सैन्य शाबूत होतं. निकाल लागला 14 जूनला, फ्रीडलांडच्या लढाईत.

मृतांचे आकडे नेपोलियनच्या बुलेटिनमधून, म्हणजे त्याच्या अधिकृत युद्धवृत्तातून, तर मुळीच उचलू नका. 'बुलेटिनसारखं खोटं बोलणं' हा फ्रेंचांचाच वाक्प्रचार.

सोबत चित्र लावायचं तर पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयातलं, चित्रकार ग्रोने काढलेलं याच लढाईचं लावा. पण चौकटीत बसवायला खालचा भाग कापू नका. वर दयाळू चेहऱ्याचा सम्राट आहे. खाली, अगदी पुढ्यात, माणसाहून मोठी रंगवलेली, बर्फाने अर्धवट झाकलेली प्रेतं.