घशातल्या रुचिकलिकांवर प्रकल्प करायचाय? मग आधी खाटकाशी ओळख काढा

"कायले पाहिजे वो ताई हे तुमाले?" जळगावच्या मटण बाजारातल्या खाटकाचा हा पहिला प्रश्न. मी मागितली होती मेंढीच्या घशाची अख्खी नळी, जिभेच्या मुळासकट. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला मी घशातल्या रुचिकलिका, म्हणजे चव ओळखणाऱ्या पेशींचे सूक्ष्म पुंजके (टेस्ट बड्स), हा विषय घेतला होता. घरी आई म्हणाली, "चव जिभेला कळते, घशाला कशाला?" खरं सांगू, तेव्हा माझंही ज्ञान तेवढंच होतं.

रुचिकलिका टाळूच्या मागच्या मऊ भागात, घशात, अन्ननलिकेच्या तोंडाशी आणि एपिग्लॉटिसवरही असतात. एपिग्लॉटिस म्हणजे गिळताना श्वासनलिकेवर पडणारी झाकणी. मेंढीत या झाकणीवर कलिका भरपूर असतात, पण बहुतेक स्वरयंत्राकडच्या बाजूला. मी पहिले दोन आठवडे जिभेकडची बाजू कापत बसले. तुम्ही बसू नका.

दुसरी चूक नमुन्याची. पहिली नळी डब्यात घालून दुपारपर्यंत तशीच ठेवली. खान्देशातला एप्रिल, पेशी पार विरघळल्या. नंतर मी नमुना टिकवणाऱ्या १० टक्के फॉर्मॅलिनची बाटली दुकानातच न्यायला लागले. नमुना ज्यात बसवतात ते पॅराफिनचे (मेणाचे) ब्लॉकही उन्हाळ्यात मऊ पडतात, मायक्रोटोमवर (पातळ काप काढायच्या यंत्रावर) कापांची रिबन गोळा होते. ब्लॉक बर्फावर ठेवा आणि सकाळी सातलाच कापायला बसा. त्यात एपिग्लॉटिसच्या मधोमध लवचीक कूर्चा असते, ती पात्याखाली दुमडते. त्यामुळे पाते नवीनच हवे, यात काटकसर करू नका.

कलिका पहिल्यांदा दिसली तो क्षण अजून आठवतो. हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या पापुद्र्यात लसणाचा छोटा गड्डा रुतल्यासारखा! लांबट पेशी पाकळ्यांसारख्या एकमेकींना बिलगलेल्या आणि वर बारीक छिद्र. जिभेवर कलिका अंकुरांवर, म्हणजे बारीक उंचवट्यांवर, बसतात. इथे अंकुर नाहीत, त्या थेट एपिथेलियमात (पृष्ठभागावरच्या पेशींच्या थरात) असतात. एका कलिकेत साधारण ५० ते १०० पेशी. काही आधार देणाऱ्या, काही गोड-कडू ओळखणाऱ्या, काही आंबट ओळखणाऱ्या, आणि तळाशी नव्या पेशी तयार करणाऱ्या. हे प्रकार साध्या रंगात वेगळे कळत नाहीत, त्यामुळे अहवालात तसा दावा करू नका.

मोजणीत मात्र मी चांगलीच आपटले. पहिल्या तक्त्यात कलिकांचा आकडा इतका फुगला की मार्गदर्शक मॅडम हसल्या. कलिका साधारण ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, माझे काप ५ मायक्रॉनचे. म्हणजे एकच कलिका सलग आठेक कापांत दिसत होती आणि मी ती दर वेळी नव्याने मोजत होते. छिद्र दिसेल तोच काप धरा. स्लाइडवरचे क्रमांक हिऱ्याच्या पेन्सिलने कोरा. मार्करची शाई झायलिनमध्ये, म्हणजे पॅराफिन काढायच्या द्रवात, धुऊन जाते.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. जिभेच्या पुढच्या भागाची चव सातव्या मस्तिष्क चेतेतून (मेंदूला जोडलेल्या नसेतून) जाते, मागच्या भागाची नवव्या. एपिग्लॉटिसवरच्या कलिका दहाव्या, म्हणजे व्हेगसच्या, वरच्या स्वरयंत्र शाखेला जोडलेल्या असतात. त्यांचं काम पहारेकऱ्याचं. मेंढीच्या कोकरांवरच्या प्रयोगांत साधं पाणी इथे टेकलं की ही चेता जोरात संदेश पाठवते. शरीरातल्या द्रवाइतक्या खारट पाण्याला मात्र फारशी दाद देत नाही. पाणी वाट चुकलं की श्वास क्षणभर थांबतो आणि गिळण्याची क्रिया होते. नवजात पिल्लांत हे फार तीव्र असतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "मग शेवभाजीचा रस्सा वाट चुकला की लागणारा ठसका या कलिकांमुळेच का?" मी उत्साहात हो म्हणाले. त्यांनी मान हलवली. तिखट ही चव नाहीच. मिरचीतलं कॅप्सेसिन वेदना आणि उष्णता टिपणारी चेताटोकं जागी करतं, आणि ती टोकं कलिकांच्या बाहेरही पसरलेली असतात. तिथे माझे गुण गेले.