गोव्यात पाचवी-सहावीसाठी शाळा निवडताना: सरकारी, अनुदानित की विनाअनुदानित?

गोव्यातली सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि हायस्कूल पाचवीपासून सुरू होते, त्यामुळे मुलाला पुढे कुठे घालायचे हा प्रश्न बहुतेक घरांत चौथीच्या वर्षातच उभा राहतो. घरात चर्चा सुरू होते ती 'सरकारी की खासगी' अशी, आणि गल्लत तिथेच होते. आपल्याकडे ज्या हायस्कुलांना लोक खासगी समजतात, त्यांतली बरीचशी अनुदानित असतात. म्हणजे व्यवस्थापन एखाद्या शिक्षणसंस्थेचे किंवा चर्चच्या संस्थेचे असते, पण शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. म्हणून कागद घेऊन शाळांची यादी करताना दोन नव्हे, तीन रकाने पाडावेत: सरकारी, अनुदानित आणि विनाअनुदानित. शाळा कोणत्या रकान्यात बसते हे तिच्या नावावरून किंवा गणवेशावरून ओळखू येत नाही, तेव्हा कार्यालयात सरळ विचारावे. तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातही ही माहिती मिळते.

हा फरक केवळ फीपुरता नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत माध्यान्ह आहार मिळतो आणि राज्याच्या योजनेखाली सहावीपासून कोडिंग व रोबोटिक्स शिकवले जाते, त्यामुळे केवळ 'संगणक चांगला शिकवतात' या कारणासाठी मोठी फी भरण्याआधी जवळच्या शाळेत काय चालते ते पाहून यावे. शिवाय पालकांच्या सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते आणि निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा जास्त नसावे अशी अट आहे. ही परीक्षा सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांसाठीच आहे. सातवीत मुलाला विनाअनुदानित शाळेत हलवणाऱ्या मध्यम उत्पन्नाच्या घराने ही संधी हातची जाते, हे हिशेबात धरले पाहिजे.

माझ्या मते निवडीचा खरा कस लागतो तो शिक्षकांपाशी. प्राथमिक वर्गात एकच बाई सगळे विषय शिकवतात आणि ते चालूनही जाते. सहावी ते आठवीत मात्र बीजगणित, विज्ञानातले प्रयोग आणि व्याकरण एकदम येऊन पडते आणि प्रत्येक विषयाला जाणता माणूस लागतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये या वर्गांसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक आणि वर्षाला किमान २२० दिवस अध्यापन असे निकष घालून दिले आहेत. केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या आणि सोयी पाहता येतात, तेव्हा प्रत्यक्ष भेटीआधी ते आकडे टिपून घ्यावेत. पटसंख्या कमी असलेली सरकारी शाळा म्हणजे वाईट शाळा, असे समजण्याचे कारण नाही. वर्गात १८ मुले आणि गणिताला कायमस्वरूपी शिक्षक असेल, तर ती गर्दीच्या नामांकित शाळेपेक्षा मुलाला अधिक मानवू शकते. उलट, गणिताची जागा वर्षभर रिकामी असेल किंवा लेक्चर बेसिसवरचे, म्हणजे तासांप्रमाणे मानधनावर नेमलेले, शिक्षक दर वर्षी बदलत असतील, तर इमारत कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग नाही. विनाअनुदानित शाळेत पगार फीमधूनच निघत असल्यामुळे तिथे एक प्रश्न जास्तीचा विचारावा: मागच्या दोन वर्षांत सातवीचे गणित आणि विज्ञान कोणी कोणी शिकवले?

शाळेला भेट द्यायची ती स्नेहसंमेलनाच्या दिवशी नव्हे, साध्या दिवशी, पहिला तास सुरू व्हायच्या वेळेला. मुख्याध्यापकांशी बोलून झाल्यावर, त्यांची हरकत नसेल तर, सातवीच्या तीन-चार मुलांच्या विज्ञानाच्या वह्या पाहाव्यात. एखादी आकृती वाकडी, उत्तरे मुलांच्या स्वतःच्या शब्दांत, मध्येच लाल शाईने 'नावे उलटी लिहिली आहेत, पुन्हा काढ' असा शेरा आणि खाली पुन्हा काढलेली आकृती दिसली, तर त्या वर्गात शिकणे चालू आहे. सगळ्या वह्यांतली उत्तरे शब्दशः सारखी आणि ओळीने दहा पानांवर एकाच तारखेच्या सह्या असल्या, तर मुले फळ्यावरचे उतरवून घेतात आणि वह्या एकगठ्ठा तपासल्या जातात, हे कोणी सांगायला नको. प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते हेही विचारावे. उत्तर यायला वेळ लागला तर तेच उत्तर. पालक-शिक्षक संघाच्या एखाद्या सदस्याशी फाटकाबाहेर दहा मिनिटे बोलणे हे माहितीपुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मराठी घरांसाठी पुढचा मुद्दा भाषेचा, आणि तो निकालाच्या टक्केवारीपेक्षा मोठा आहे. मराठी माध्यमातून चौथी झालेले मूल पाचवीत बहुधा एकदम इंग्रजी माध्यमात जाते. अपूर्णांकांची बेरीज त्याला येत असते, पण तोच प्रश्न इंग्रजी वाक्यात आला की त्याला वाचतानाच धाप लागते, आणि पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की घरी सगळ्यांना वाटते, मूल गणितात कच्चे आहे. म्हणून विचारायचे ते असे: पाचवी-सहावीत शिक्षक अवघड भाग मराठीतून किंवा कोकणीतून समजावतात का, की वर्गात इंग्रजीखेरीज काही बोलू देत नाहीत? पुष्कळ सरकारी आणि ग्रामीण अनुदानित हायस्कुलांत ही सवलत सहज मिळते. सत्तरी किंवा पेडण्यातल्या वर्गात 'कळले का रे?' हे विचारणे कोकणी-मराठीतच होते आणि मुलाचा जीव भांड्यात पडतो.

त्याच भेटीत मराठी हा विषय म्हणून कुठवर शिकता येईल हेही पक्के करून घ्यावे. शाळेत मराठी 'आहे' एवढ्या उत्तरावर थांबू नये. मराठी घेणारी मुले किती असली तर वर्ग भरतो, शिक्षक कायम आहेत का, आणि दहावीपर्यंत तीच भाषा ठेवता येते का, हे तिन्ही विचारावे. सीबीएसई किंवा आयसीएसईच्या काही शाळांत मराठीचा पर्यायच नसतो. आजोबांची पत्रे वाचता न येणारे मूल घरात असणे ज्यांना चालणार नाही, त्यांनी हा प्रश्न फीच्याही आधी विचारावा.

अंतराचे गणित थोडक्यात. गोव्यातल्या बहुतेक शाळा सकाळी आठच्या सुमारास भरतात आणि दीडच्या आसपास सुटतात, म्हणजे फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या मुलाला जुलैच्या पावसात साडेसहाला घर सोडावे लागते. अनुदानित शाळांच्या बालरथ बसगाड्या कोणत्या वाड्यापर्यंत येतात हे आधी विचारून घ्यावे, आणि एकदा शाळेच्या वेळेला तो प्रवास स्वतः करून पाहावा.

खर्चाचा अंदाज एका वर्षाचा काढू नये. सहावीला घातलेले मूल दहावीपर्यंत तिथेच राहणार असे धरून पाच वर्षांची फी, बस, वह्या-पुस्तके, गणवेश, सहली आणि शिकवणी यांची एकत्र बेरीज करावी. ज्या शाळेची फी भरूनही दोन विषयांची शिकवणी लावावी लागते, तिथे दुहेरी खर्च होतो. विनाअनुदानित शाळा घ्यायला सबळ कारण असू शकते: बदलीची नोकरी असल्यामुळे सीबीएसई हवी असणे, किंवा मुलाला विशेष शिक्षकाची गरज असणे. दुसऱ्या कारणासाठी ते विशेष शिक्षक प्रत्यक्ष भेटल्याशिवाय पैसे भरू नयेत. 'शेजारचे सगळे तिकडेच जातात' हे कारण मात्र मी सबळ मानत नाही.

ग्रामीण भागातल्या हुशार मुलासाठी आणखी एक वाट आहे. वाळपई आणि काणकोण इथली जवाहर नवोदय विद्यालये सहावीला निवड परीक्षेने प्रवेश देतात, राहणे-जेवण मोफत असते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. अर्ज मूल पाचवीत असतानाच भरावा लागतो, आणि अकरा वर्षांच्या मुलाला वसतिगृह मानवेल का याचा निर्णय घरच्यांनी परीक्षेआधी करावा, निकालानंतर नव्हे.

वेळापत्रकाबाबत सावध राहावे. २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावीचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊ लागले आहे, त्यामुळे जूनपर्यंत थांबण्याची जुनी सवय चालणार नाही. शाळा पाहण्याचे काम जानेवारीपर्यंत आटोपावे. नवोदयसारख्या शाळांचा अपवाद सोडला, तर शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेता येत नाही आणि देणगीही मागता येत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या, तेव्हा तिथले नियम वेगळे विचारावेत. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली हवी असेल तर आधीच्या शाळेने दाखला तातडीने द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा आला एवढ्या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. कोणी अडवलाच, तर अर्जाची पोच घेऊन भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.