आईच्या हाती दंडाची पट्टी

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात बाजरी हाती येण्याआधी, साधारण जून ते सप्टेंबर, घरातलं धान्य संपत आलेलं असतं. मूल वाळतंय हे आरोग्य केंद्राआधी आईला कळायला हवं, म्हणून तिथल्या झिंदर भागात आयांनाच मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मापायला शिकवलं गेलं. आपल्या अंगणवाडीतलीच ही रंगीत पट्टी.

मूल ६ ते ५९ महिन्यांचं हवं. बाही पूर्ण वर सारा, हात सैल लोंबू द्या. खांदा आणि कोपर यांचा मध्य नजरेने धरला तरी चालतं. पट्टी खाचेतून ओवून कातडीला नुसती टेकवा. कातडी चुरगळली तर ओढ जास्त झाली, माप कमी येईल. खाली फट राहिली तर उलटं होतं, आणि ही चूक जास्त घातक, कारण आजारी मूल हिरव्यात, म्हणजे ठीक असलेल्यांत, जाऊन घरीच राहतं.

११.५ सेंटीमीटरच्या खाली लाल: त्याच दिवशी केंद्रात न्या. १२.५ पर्यंत पिवळा: केंद्राला कळवा, आठवड्याने पुन्हा मापा.

रंग कुठलाही असो, दोन्ही पावलांवर अंगठा ३ सेकंद दाबून बघाच. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती कुपोषणाची सूज असू शकते. हिरव्या रंगावर विसंबू नका, लगेच निघा.