जुन्या गाडीची पीयूसी काढायला जाताय? आधी आरसी बघा

इंदूरात आपल्याकडे गाडी लवकर कोणी विकत नाही, रामबाग काय नि सुदामा नगर काय, घरोघरी पंधरा वर्षांची एक तरी असतेच, आणि तिची पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट, निघेल का ही चिंता पण असते. तर पीयूसीला गाडीचं वय मोजत नाहीत, बीएस (भारत स्टेज, धुराच्या मर्यादेचा सरकारी टप्पा) कितीची आहे ते बघतात. आरसीवर नाहीतर एमपरिवहन ऍपवर ते सापडतं. बीएस-४ आणि पुढची असेल तर सर्टिफिकेट १२ महिने चालतं, त्याआधीची असेल तर ६ महिन्यांनी परत जा.

इथेच खरी गंमत आहे. २०१० मध्ये बीएस-४ फक्त १३ शहरांत सक्तीचं झालं, पुणे होतं, सोलापूर सुद्धा होतं, इंदूर नव्हतं, सगळ्या देशात यायला २०१७ उजाडलं. म्हणजे २०१२ ची तीच गाडी पुण्याच्या मावशीकडे बीएस-४ आणि तुमच्याकडे बीएस-३ असू शकते, आणि त्यात तुमचा काय दोष, शोरूममध्ये जी मिळाली ती घेतली ना!

आता टेस्ट. पेट्रोल बीएस-२, बीएस-३ कारला आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि एचसी म्हणजे न जळलेलं इंधन ७५० पीपीएम पर्यंत चालतं, बीएस-४ ला ०.३ आणि २००. डिझेलला ॲक्सिलरेटर दाबून धूर मोजतात. थंड गाडी घेऊन जाऊ नका, आधी रिंग रोडला एक मोठी चक्कर मारा मग थेट सेंटरवर, कारण धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम झाल्याशिवाय काम करत नाही. सीओ जास्त आला तर मिक्श्चर रिच आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, एअर फिल्टर आणि ऑक्सिजन सेन्सर बघायला सांगा, एचसी जास्त आला तर प्लग मिसफायर करतायत किंवा इंजिन ऑइल जाळतंय. डिझेल काळं फेकत असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर. सायलेन्सरला भोक असेल तर आधी बुजवून घ्या, बाहेरची हवा आत गेली की रीडिंगला काही अर्थच राहत नाही.

आणि हो, काही ठिकाणी सायलेन्सरला मशीनची नळी न लावताच नंबर प्लेटचा फोटो काढून सर्टिफिकेट हातात देतात. घेऊ नका, म्हणा नळी लावा. माझं भांडण खरं तर तिथेच आहे, सहा महिन्यांनी प्रामाणिकपणे येणाऱ्याच्या मारुतीचा ०.६ आला की फेल, आणि शेजारी धूर ओकणारा टेम्पो फोटोवर पास. शिवाय ही टेस्ट नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही, गाडी वर्षाला किती चालते ते तर विचारतच नाही, आठवड्याला एकदा भाजी आणायला निघणारी आणि रोज देवासला जाऊन येणारी, दोघींना नियम तोच.

पीयूसी नसली तर दंड १०,००० पर्यंत आहे हे लक्षात ठेवा, सर्टिफिकेट ऑनलाइन दिसतं की नाही ते तिथेच तपासून निघा.

दिल्लीचं ऐकून घाबरू नका, डिझेल १० आणि पेट्रोल १५ वर्षांची बंदी तिकडच्या एनसीआरची, म्हणजे दिल्ली आणि आसपासच्या भागाची आहे, इथे लागू नाही. पण गाडी घेऊन तिकडे जाणार असाल तर बीएसचा आकडा परत बघा, डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं कारवाईपासून सूट दिली ती बीएस-४ आणि पुढच्यांनाच. इथे पंधरा वर्षं झाली की आरसी रिन्यू करावी लागते, पाच वर्षांसाठी, त्याची फी कारला २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, तेव्हा नायता मुंडल्याच्या आरटीओत जाण्याआधी पीयूसी, इन्शुरन्स चालू आहे ना बघा.